पिशवी भरण्याआधी नकाशा

आपत्तीच्या तयारीची यादी बहुतेक वेळा टॉर्च नि पाण्याच्या बाटल्यांपासून सुरू होते. माझी सुरू होते नकाशापासून. पिशवी घेऊन कुठल्या दिशेने निघायचं हेच ठाऊक नसेल, तर ती भरून काय उपयोग?

आधी परिसराचा समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा मिळवा. १:५०,००० प्रमाणाचा चालेल, पण त्यात दोन रेषांमध्ये बहुधा २० मीटर उंचीचा फरक असतो आणि घर बुडायला २ मीटर पाणी पुरतं. मधलं सगळं पायी फिरूनच कळतं. जोराचा पाऊस ओसरला की बाहेर पडा. पाणी कुठल्या बाजूला धावतंय, कुठली मोरी तुंबलीय, कुंपणाच्या तारेत काडीकचरा किती उंचीवर अडकलाय, हे पेन्सिलीने नकाशावर टिपा. ओढा बुजवून वर रस्ता केला असेल, तर म्हाताऱ्या माणसांना विचारून तोही आखा.

घर उतारावर असेल, तर वाकलेली झाडं, जमिनीला नव्याने गेलेल्या भेगा आणि एकाएकी घट्ट बसू लागलेली दारं बघा. दरड येताना ओढ्याच्या काठाने खाली पळायचं नाही, बाजूला सरायचं; ती जागा आजच ठरवा.

किनाऱ्यावर समुद्र अचानक मागे हटला तर बघत थांबू नका, उंचावर जा. किती उंच? जपानमधल्या आनेयोशी गावात १९३३च्या त्सुनामीनंतर एक दगड उभारला, त्यावर याच्या खाली घरं बांधू नका असं कोरलंय. २०११ची लाट त्या दगडाच्या अलीकडेच थांबली. तुमच्या भागात अशी खूण असेल तर शोधा.

भूकंपासाठी पायाखालची माती विचारा. १९८५मध्ये भूकंपाचं केंद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही मेक्सिको सिटीत शेकडो इमारती कोसळल्या, कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर आहे.

मग दोन वाटा ठरवा, त्यातली एक तरी पुलाशिवायची. दोन्ही एकदा रात्री चालून बघा. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाला पाडतं, म्हणून सखल टप्प्यावर नकाशात फुली मारा.

आता पिशवी: औषधं, कागदपत्रं, शिट्टी, टॉर्च, पाणी. आणि तो खुणांचा नकाशा, कागदावरचाच, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.