काळाकुट्ट धनेश, पांढराफटक बगळा

बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात मलबारी राखी धनेश दिसतो खरा, पण बसतो उंबराच्या शेंड्याला आणि मागे पावसाळी पांढरट आभाळ. कॅमेरा त्या आभाळावरून एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) ठरवतो, म्हणून पक्षी कोळशासारखा येतो. नंतर संगणकावर उजळला की अंगभर दाणे उठतात.

आधी स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त मधल्या ठिपक्यापुरता उजेड मोजणं, करून पाहिलं. धनेश जरा सरकला की मधल्या ठिपक्यात पुन्हा आभाळ, आकडे नुसते नाचतात. वैताग! शेवटी मॅन्युअल मोड घेतला, म्हणजे आकडे मीच ठरवायचे: शटर १/८०० सेकंद, अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) लेन्स देईल तेवढं उघडं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या हिशेबापेक्षा फोटो किती उजळ किंवा गडद हवा ते) +१.३. आभाळ जळतं, म्हणजे नुसतं पांढरं होतं, जळू दे. मानेवरच्या राखी पिसांतल्या फिक्या रेघा सुट्या दिसायला लागल्या, मला तेवढंच हवं होतं.

हिडकल धरणावर गणित उलटं. काळपट पाण्यापुढं बगळा उन्हात इतका पांढरा होतो, की पिसंच पुसली जातात. तिथं कॉम्पेन्सेशन -०.७ ठेवतो आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या, म्हणजे पांढऱ्याच्या, कडेला चिकटला नाही ना, ते बघतो. काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअलवर ऑटो आयएसओ असताना कॉम्पेन्सेशन चालत नाही. तसा कॅमेरा असेल त्यांनी सरळ अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (भोक आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) वापरावी.