मुलाचं वजन जास्त आहे? मग या चुका टाळा

डॉक्टर म्हणाले, 'वजन जरा जास्तच आहे', की बहुतेक घरांत पहिली कात्री मुलाच्या ताटाला लागते. इथंच गणित चुकतं. वाढत्या वयात वजन उतरवायचं नसतं, बहुतेकदा ते आहे तिथं रोखायचं असतं. बाकीचं काम उंची करते. समजा, ८ वर्षांच्या मुलाचं वजन ३० किलो आणि उंची १२५ सेंमी आहे. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, आला १९.२. वर्षभरात उंची ६ सेंमीनं वाढली आणि वजन ३० वरच राहिलं, तर तो १७.५ होतो. एक किलोही न घटवता मूल जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात जादा वजनाच्या रेषेखाली येतं. (मोठ्यांचा २५ चा आकडा इथं लावू नका, मुलांचा बीएमआय वय आणि लिंगानुसारच बघतात.) वजन फारच जास्त असेल तर ते उतरवावं लागतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दुसरी चूक ज्यूसची. कोल्ड्रिंक बंद केलं, आता घरचा ताजा रस, असं आपण कौतुकानं सांगतो. २५० मिली रसात साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे! फळ चावून खाल्लं तर एका-दोनात पोट भरतं. रसात तीन-चार फळं जातात आणि चोथा टाकून दिला जातो. फळ द्या, तहानेला पाणी द्या.

एकट्या मुलासाठी वेगळा स्वयंपाक ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक. बाकीचे चिप्स खाणार आणि हा काकडी, हे कोणतं मूल ऐकेल? चिप्स घरातच आणू नका, कुणासाठीच. काय, कधी आणि कुठं खायचं हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं ते मुलाच्या भुकेवर सोडावं. 'ताट स्वच्छ कर' नको, 'भाजी संपवलीस तर चॉकलेट' तर नकोच. त्यानं भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस. 'जाड्या' म्हणून चिडवणं तर लगेच थांबवा, आजी-आजोबांचं लाडातलंसुद्धा. चिडवलेली मुलं लपून खातात.

सगळं पाळूनही काटा वर सरकतोय? मग जेवण सोडून बाकीचं तपासा. टीव्हीसमोर तोंडात जाणाऱ्या मुठी कुणी मोजत नाही. पाकिटावरची साखर 'प्रति सर्व्हिंग' लिहिलेली असते आणि मूल अख्खं पाकीट संपवतं, तेव्हा १०० ग्रॅमचा रकाना वाचा. झोपही बघा: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात, कमी झोपलेल्या मुलाला भूक जास्त लागते. रोज तासभर घाम येईल असं खेळणं हवंच.

वजन वाढतंय पण उंची अडली आहे, मानेची कातडी काळी-जाडसर झाली आहे, मूल झोपेत जोरात घोरतं किंवा सारखी तहान लागते, यातलं काहीही दिसलं तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तहानेबरोबर लघवी वाढली असेल आणि वजन उतरू लागलं असेल, तर त्याच दिवशी.