धूसर दिसलं की इम्प्रेशनिझम? कलाशैली ओळखताना या चुका टाळा

संध्यामठ समोर ठेवून रंकाळा तलावाच्या काठावर एकदा तरी जलरंग उघडले नाहीत, असा चित्रकार कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही. माझ्या रविवारच्या वर्गातली मुलंही तिथंच बसतात. मागच्या थंडीत अकरावीतली एक मुलगी आपलं चित्र घेऊन आली. मठाचं प्रतिबिंब तिनं ओल्या कागदावर सोडलं होतं. कडा हव्या तेवढ्याच पसरल्या होत्या आणि आभाळातला तांबूस रंग पाण्यात अलगद उतरला होता. मला चित्र मनापासून आवडलं. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘शैली : इम्प्रेशनिझम’. कशावरून, असं विचारल्यावर ती म्हणाली, “सर, सगळं धूसर हाय की.”

कलेतिहास शिकवताना हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की चूक मुलांची नाही, आपल्या शिकवण्याची आहे याची मला खात्री पटली आहे. आपण प्रत्येक शैलीला दोन-तीन दिसणाऱ्या खुणा चिकटवून देतो. धूसर म्हणजे इम्प्रेशनिझम, चौकोनी म्हणजे क्युबिझम, गजबजलेलं म्हणजे बरोक. पेपरात तेवढ्यावर गुण मिळतात, पण खरं चित्र समोर आलं की गाडी अडते. म्हणून माझ्या वर्गात नाव लावण्याआधी चार प्रश्न विचारायचे असा नेम आहे : हे कधी केलं, कुठं केलं, कशावर आणि कशानं केलं, आणि करणाऱ्याचं त्या वेळी कुणाशी पटत नव्हतं?

धूसरपणाचा घोटाळा

विल्यम टर्नर या इंग्रज चित्रकारानं पावसातून आणि वाफेतून धावणारी आगगाडी रंगवली ती १८४४ मध्ये. चित्रात गाडी आहे हेसुद्धा निरखून बघावं लागतं, इतकं ते धूसर आहे. टर्नर १८५१ मध्ये गेला. इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसमध्ये भरलं १८७४ साली, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत. आता दुसऱ्या बाजूनं बघा. १८७४ ते १८८६ या काळात त्या मंडळींची आठ प्रदर्शनं झाली आणि त्यांतल्या सातांत एडगर देगा होता. त्याची रेषा पक्की, काम बहुतेक स्टुडिओत बसून केलेलं, आणि उघड्यावर जाऊन चित्रं काढण्याची त्याला मुळीच आवड नव्हती. म्हणजे सगळ्यात धूसर चित्रकार चळवळीच्या आधीचा, आणि चळवळीतला एक मुख्य माणूस धूसर नाही.

मग त्यांना एकत्र आणलं कशानं? एक तर सलोंवरचा, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनावरचा राग. तिथली निवड समिती ठरवेल तेच चित्र लोकांपुढं येणार, हे त्यांना मान्य नव्हतं. दुसरं म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढचं बदलतं पॅरिस : स्टेशनं, कॅफे, नाचघरं, सुट्टीच्या दिवशी नदीकाठी आलेली माणसं. आणि तिसरी गोष्ट अगदी साधी. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं पिळून रंग काढता येईल अशी धातूची नळी शोधली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. असा रंग घेऊन दिवसभर शेतात बसणं किती अवघड, हे उघड्यावर काम करणाऱ्याला सांगायला नको.

ही चूक सुधारायचा एक उपाय मोबाइलवर करता येतो. याच मंडळींतल्या क्लोद मोनेचं १८७२ सालचं ल हाव्र बंदराचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ हे चित्र उघडा. याच चित्राच्या नावावरून एका टीकाकारानं या मंडळींची टर उडवली आणि तेच नाव पुढं चिकटलं. आता ते कृष्णधवल करा. मघाशी डोळ्यात भरणारा नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण सूर्य आणि त्याच्या भोवतालचं आभाळ यांचा उजेड मोनेनं सारखाच ठेवलाय, फरक फक्त रंगाचा आहे. मग स्वतःचं रंकाळ्याचं चित्र कृष्णधवल करून बघा. त्या मुलीनं केलं. तिचा मठ, झाडं, पाण्यातला कवडसा सगळं जागच्या जागी राहिलं. तिचं चित्र छायाप्रकाशावर उभं होतं, आणि ती परंपरा वेगळी आहे.

ती परंपरा आपल्या गावात आली तरी कुठून? कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले. १८५७ मध्ये सुरू झालेल्या त्या शाळेत शिकवण ब्रिटिश अकॅडेमिक वळणाची, म्हणजे छायाप्रकाशातून आकार उभा करण्याची होती. परत येऊन ते छत्रपती शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट यांवरचा सकाळ-संध्याकाळचा उजेड आयुष्यभर रंगवत राहिले. त्यांना कुणी इम्प्रेशनिस्ट म्हटलं की ऐकायला भारदस्त वाटतं, पण मला ते खटकतं. आबालाल कुठल्या सलोंशी भांडत नव्हते. त्यांच्या कामाचं कारण इथल्या पाण्यात आणि इथल्या हवेत आहे. एका जुन्या लेखात मीही त्यांना तसं म्हटलं होतं. आज ते वाक्य मी लिहिणार नाही.

मराठी शब्दच फसवतात तेव्हा

‘अतिवास्तववाद’ हा शब्द घ्या. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी त्याचं उदाहरण म्हणून फोटोसारखं हुबेहूब पेन्सिल-चित्र दाखवतो, ज्यात गालावरचा घामाचा थेंबही मोजून घ्यावा. ‘अति’ म्हणजे जास्त, तर जास्तच वास्तव, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा असला तरी बिनडोक नाही. अतिवास्तववाद हा सर्रिअॅलिझमला आपण दिलेला प्रतिशब्द आहे. आंद्रे ब्रेतोंनं १९२४ मध्ये पॅरिसला त्याचा जाहीरनामा काढला. स्वप्न, अबोध मन, नकळत हातून उमटणारं चित्र यांच्याशी त्याचं नातं. दालीची वितळणारी घड्याळं १९३१ ची. तिथला ‘अति’ वास्तवाच्या पलीकडचा आहे. हुबेहूब चित्रांना फोटोरिअॅलिझम किंवा हायपररिअॅलिझम म्हणावं, आणि ती गोष्ट साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत वाढलेली.

‘वास्तववाद’ याहून जास्त घात करतो, विशेषतः कोल्हापुरात. व्यक्तिचित्र हुबेहूब साधणं हा इथला मोठा वारसा आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर कुठल्याही कलाशाळेत न जाता नाटकाच्या पडद्यांपासून पुतळ्यांपर्यंत पोचले. त्यामुळं इथं ‘रिअॅलिस्टिक’ हा शब्द उठता-बसता कानावर पडतो. पण तो कसबाबद्दल आहे : नाक नाकासारखं दिसतं, कापड कापडासारखं पडतं. त्याला वास्तवदर्शी म्हणावं. चळवळ म्हणून जो वास्तववाद ओळखला जातो तो १८५० च्या सुमाराच्या फ्रान्समधला. गुस्ताव कूर्बेनं १८४९ मध्ये रस्त्याकडेला खडी फोडणारे दोन मजूर रंगवले. एक म्हातारा, एक पोरगा, अंगावर फाटके कपडे, दोघांचेही चेहरे नीट दिसत नाहीत. असा मोठा कॅनव्हास तोवर देवादिकांसाठी आणि राजेरजवाड्यांसाठी राखून ठेवलेला असायचा. ते चित्र दुसऱ्या महायुद्धात १९४५ साली नष्ट झालं, आता फक्त छायाचित्रं उरली आहेत.

तेव्हा राजा रविवर्मांची शकुंतला वास्तवदर्शी आहे, पण वास्तववादी नाही. हा एक फरक कळला की निम्मी उत्तरपत्रिका सुधारते.

एक शैली संपली, दुसरी सुरू झाली?

पाठ्यपुस्तकातला तक्ता रेल्वेच्या वेळापत्रकासारखा असतो : एक गेली, मग दुसरी आली. मुलं तो पाठ करतात आणि पिकासोच्या काळात मोने जिवंत होता हे ऐकून चक्रावतात. मोने १९२६ पर्यंत होता आणि कमळं रंगवत होता. पिकासोनं क्युबिझमची वाट उघडणारं मोठं चित्र केलं ते १९०७ मध्ये.

वर्गात आम्ही भिंतीवर तीन सुतळ्या बांधतो, एक युरोपची, एक भारताची, एक कोल्हापूरची. चिठ्ठ्या कपड्याच्या चिमट्यांनी अडकवायच्या. १८७३ : रविवर्मांच्या चित्राला व्हिएन्नाच्या प्रदर्शनात पारितोषिक. १८७४ : पॅरिसचं ते प्रदर्शन. त्याच दशकात कोल्हापुरात टाउन हॉलची इमारत उभी राहत होती. १९१६ : झुरिकमध्ये ‘दादा’ नावाच्या चळवळीतली मंडळी कलेचे सगळे नियम उधळून लावत होती. १९२० : बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट. १९४७ : मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप. चिठ्ठ्या वर-खाली बघता बघता मुलांना आपसूक प्रश्न पडायला लागतात, आणि मला तेच हवं असतं.

टाउन हॉलचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. त्याच्या टोकदार कमानी बघून मुलं ‘गॉथिक’ लिहितात. मूळ गॉथिक बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सँ दनीच्या चर्चपासून धरतात. आपली इमारत त्या शैलीचं एकोणिसाव्या शतकातलं पुनरुज्जीवन आहे, म्हणून गॉथिक रिव्हायव्हल म्हणा. आणि खिद्रापूरच्या कोपेश्वराला ‘बरोक’ म्हणू नका, भिंतीवर मूर्तींची कितीही दाटी असली तरी. ते शिलाहारांच्या काळचं, बाराव्या शतकातलं देऊळ. बरोक रोममध्ये १६०० च्या सुमारास आलं, आणि त्यामागं प्रॉटेस्टंटांना उत्तर देऊ पाहणारं कॅथलिक चर्च होतं. स्वर्गमंडपाच्या उघड्या वर्तुळाखाली उभं राहून वर बघा. त्या जागेला बाहेरून नाव आणायची गरज नाही.

माध्यम न बघता लिहिणं

अजिंठ्याला ‘फ्रेस्को’ लिहिणं ही सगळीकडं दिसणारी चूक. खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना वाळताना रंग स्वतःत धरून ठेवतो. म्हणून दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. मायकेलअँजेलोनं सिस्टिन चॅपेलचं छत १५०८ ते १५१२ मध्ये याच रीतीनं केलं. अजिंठ्यात खडकावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू, वर पांढरा पातळ लेप, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. म्हणून भित्तिचित्र म्हणा किंवा टेंपेरा.

‘मिनिएचर’चंही तसंच. आकार लहान म्हणून ते नाव पडलं असं वाटतं, पण मूळ शब्द ‘मिनियम’, म्हणजे हस्तलिखितांत वापरायचा शेंदूर. आपल्या ‘लघुचित्र’ शब्दानं हा गैरसमज आणखी पक्का केला.

आकारावरून फोनची आठवण झाली. दालीची घड्याळं सुमारे २४ बाय ३३ सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या पानाहून थोडी मोठी. पिकासोचं ‘गेर्निका’ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. फोनवर दोन्ही तळहाताएवढीच. मी मुलांना वर्गाच्या फरशीवर खडूनं दोन्हींची मापं आखायला लावतो. गेर्निकासाठी बाकं सरकवावी लागतात, तरीही ते दारातून बाहेर जातं. गेर्निका गावावरच्या, ज्यावरून हे चित्र झालं त्या १९३७ मधल्या बॉम्बहल्ल्याबद्दल मग मुलं वेगळ्या आवाजात बोलतात.

त्या मुलीला मी काहीच खोडायला लावलं नाही. टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांचं काम बघून ये, एवढंच सांगितलं. पुढच्या रविवारी जुनी ओळ तिनं स्वतःच पुसली होती. तिथं आता लिहिलं होतं : ‘जलरंग, ओल्या कागदावर. संध्यामठ, जानेवारी, संध्याकाळी साडेपाच.’