मिरगाआधी होया पडवीत घ्या

मे संपत आला की आंबा उतरवणे, फाटी भरणे आणि घर शाकारणे यांतच दिवस जातो. याच दिवसांत बागेत उघड्यावर टांगलेल्या होया या फुलवेलीच्या कुंड्याही आत घ्याव्यात. कोकणात होया उन्हाळ्याने सहसा मरत नाही. ती जुलैत मरते, कुंडीत तुंबलेल्या पाण्याने.

होया मुळात झाडावर वाढणारी वेल. मुळांनी साल धरायची, पावसाचे पाणी अंगावरून वाहून जाऊ द्यायचे आणि पुन्हा वाऱ्यावर सुकायचे, ही तिची सवय. आपल्या पश्चिम घाटात वाढणारी होया वाइटी भर पावसात झाडाच्या बुंध्यावर मजेत असते. म्हणजे पावसाचे तिला वावडे नाही, मुळांशी हवा खेळली नाही तर मात्र ती टिकत नाही. तांबडी माती आणि शेणखत भरलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत ती आणली की आठ-दहा दिवसांच्या संततधारेत मुळे कुजू लागतात.

आधी आपल्याकडे आहे ती होयाच ना, हे पाहून घ्या. पाने जाड, चामड्यासारखी, आणि पेरावर जोडीने समोरासमोर येतात. देठ मोडला की रुईसारखा पांढरा चीक निघतो, कारण दोन्ही एकाच कुळातल्या. मनीप्लांटची पाने एकाआड एक असतात आणि त्याला असा चीक नसतो, पेपरोमियालाही नसतो. फूल आले की शंकाच उरत नाही: एका दांड्यावर चांदण्यांचा झुबका, प्रत्येक चांदणीच्या मध्ये दुसरी छोटी चांदणी, सगळे मेणाचे केल्यासारखे. बाजारात जास्त दिसतात त्या कार्नोसा आणि प्युबिकॅलिक्स. कार्नोसाची फुले फिकट गुलाबी, मध्यभागी लालसर. प्युबिकॅलिक्सची पाने लांबट, बऱ्याचदा रुपेरी शिंतोडे असलेली, फुले गडद गुलाबी ते मरून. किनाऱ्यालगत लावायची तर मी प्युबिकॅलिक्स सुचवीन. ती फिलिपिन्सची, दमट उष्म्याला सरावलेली. कार्नोसाला थोडा थंड हिवाळा मानवतो, तो आपल्याकडे कुठला?

कुंडी भरायला बाहेरून काही आणायची गरज नाही. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, लाकडी कोळसा आणि चिऱ्याची बारीक खडी, सोबत मूठभर गांडूळखत. सोडणाचे तुकडे आधी दोन-तीन दिवस भिजत घाला आणि पाणी बदलत राहा, म्हणजे क्षार आणि तपकिरी रंग निघून जाईल. कुंडी मातीची आणि लहानच घ्या. मुळे थोडी दाटलेली असली तर होया उलट लवकर फुलते. मातीत लावलेली रोपे पाऊस सुरू व्हायच्या आत या मिश्रणात हलवा. मात्र कळ्या धरलेल्या असतील तर हात लावू नका, जागा बदलली तरी कळ्या गळतात.

पडवीतही जागा पाहून टांगा. पागोळ्यांखाली नको, झड येते त्या बाजूला नको. पूर्वेचा उजेड मिळाला तर उत्तम. सुपारीच्या बागेत ठेवत असाल तर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे) फवारताना कुंड्या बाजूला घ्या, पानांवरचे निळसर डाग लवकर जात नाहीत. समुद्र जवळ असेल तर खारा वारा पानांवर बसतो. अधूनमधून गोड्या पाण्याने पुसून घ्या.

पावसात पाणी जवळजवळ बंदच. पान हलकेच दुमडून पाहा: कडक असेल तर तहान नाही, मऊ पडून वाकले तर पाणी द्या. इथे एक फसगत होते. पाने सुरकुतलेली दिसली की लोक पाणी घालतात, पण कुंडी ओली असूनही पाने सुरकुतली असतील तर मुळे कुजली आहेत असे समजा. अशी वेल वाचवण्यात वेळ घालवण्यापेक्षा शेंड्याकडचा निरोगी भाग कापून नवे रोप करावे.

आणि छाट कलमाला हाच हंगाम सोन्यासारखा, कारण हवेतली आर्द्रता फुकट मिळते. दोन पेरांचे तुकडे घ्या, चीक पुसून काप दिवसभर सावलीत सुकू द्या, खालचे पेर ओलसर कोकोपीटमध्ये दाबा. छपराखाली ठेवले तर साधारण महिन्याभरात मुळे धरतात. चीक डोळ्यांत जाणार नाही एवढे सांभाळा.

रुईवर येतो तो पिवळा मावा होयाच्या कोवळ्या शेंड्यांवरही येतो, आणि पानाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग दिसली की तिथेच शोधा. थोडी कीड असेल तर ओल्या फडक्याने पुसा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा.

खत पावसाळ्यात देऊ नका. ऑक्टोबरपासून १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. फुले झडल्यावर जो बोडका दांडा उरतो तो मात्र कधीही छाटू नये, पुढचा झुबका त्याच दांड्यावर येतो. बिनपानांच्या लांब सुटलेल्या फांद्याही ठेवा, पाने मागाहून येतात. सुगंध संध्याकाळनंतर खुलतो आणि फुलांतून मधही ठिबकतो, तेव्हा झोपाळ्याच्या वर टांगू नका.

रोपवाटिका चालवणाऱ्यांना एक सांगणे. होया केरी या जातीचे हृदयाच्या आकाराचे एकटे पान कुंडीत खोचून रोप म्हणून विकले जाते. ते पान मुळे धरते, दीर्घकाळ हिरवेही राहते, पण सोबत पेराचा तुकडा नसेल तर त्याला वेल फुटत नाही. विकायचेच तर पेरासकट विका, नाहीतर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगा. रानातल्या होया मात्र ओरबाडून आणू नका. लागवडीच्या वेलीपासून कलमे सहज होतात.