तरवड लावताना आळे करू नका

माळावर मे महिन्यातही हिरवे दिसणारे पिवळ्या फुलांचे झुडूप म्हणजे तरवड. तो अंगणात आणला की पुष्कळदा पहिल्याच पावसाळ्यात जातो. उन्हाने नाही, पाण्याने. जाईच्या वाफ्यात, ठिबकच्या नळीशेजारी लावलेली माझी तीन रोपे ऑगस्टपर्यंत मुळाशी कुजली. उरलेले चौथे कंपाउंडच्या कडेला मुरमात खोचून विसरलो होतो, ते आज डोक्याइतके उंच आहे.

तेव्हा बुंध्याशी पाणी साठवणारे आळे नको. जागा मुरमाड, उताराची आणि दिवसभर उन्हाची निवडा. काळी चिकट जमीन असेल तर मुरूम मिसळून वीतभर उंचवटा करा आणि त्यावर लावा.

बी मृगाच्या आधी गोळा करून ठेवा. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ असतात. छिद्र पडलेले बी किडीने खाल्लेले, ते टाकून द्या. कवच टणक असते, म्हणून उकळून खाली उतरवलेले पाणी बियांवर ओता आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी फुगलेल्या बिया पेरा, बाकीच्यांना पुन्हा गरम पाणी दाखवा. चांगला पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की थेट जागेवरच दोन-तीन बिया अर्धा इंच खोल टोका. सोटमूळ भराभर खाली जाते. पिशवीच्या तळाशी त्याने वेटोळे घातले की झाड पुढे नीट धरत नाही. नर्सरीतून आणायचेच तर वीतभराचे रोप घ्या, मोठ्या झुडपाच्या मोहात पडू नका. आणि तरवड म्हणून त्याच्याच जातकुळीतली दुसरीच पिवळ्या फुलांची कॅसिया गळ्यात पडू शकते. पानाच्या देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी गोल, रुंद उपपर्णे (छोटी जोडपाने) दिसली तरच तो तरवड.

पावसाने ओढ दिली तर पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा पाणी द्या. एकदा मूळ धरले की अंगणातही त्याला माळावरचाच समजा. युरिया अजिबात नको, नुसता पाला माजतो. फुले फांदीच्या शेंड्याला येतात, म्हणून ऐन पावसाळ्यात कात्री लावू नका. शेंगा वाळल्यावर छाटा. पानांवर हिरव्या अळ्या दिसतील, पण फवारणी करू नका. फिकट पिवळ्या फुलपाखरांची ती पिल्ले, आणि खाल्लेला पाला पुन्हा फुटतो.

कुंपणाला लावायचा असेल तर दोन झाडांत तीन-चार फूट सोडा. शेळ्या याला सहसा तोंड लावत नाहीत.