हेडलाईटला एलईडी बल्ब टाकताय? मग या चुका टाळा

कापूस वेचणीला आला आणि अंधार लवकर पडू लागला, की दारव्ह्यातल्या आमच्या दुकानात एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. कुणी ऑनलाईन मागवलेला, कुणी यवतमाळहून आणलेला एलईडी बल्ब घरीच बसवलेला असतो. उजेड वाढलेला असतो, पण रस्ता दिसत नसतो.

रात्रीच्या चांगल्या लाईटची गरज मला कुणी सांगायला नको. आमच्याकडच्या रस्त्यावर मागे रिफ्लेक्टर नसलेली कापसाची बैलबंडी उभी असते, रानडुकरांचा कळप एका वावरातून दुसऱ्या वावरात जातो, रोही (नीलगाय) धुऱ्यावरून म्हणजे बांधावरून थेट डांबरावर उडी घेतो. एलईडीला माझा विरोध नाही, मी स्वतः बसवून देतो. राग येतो तो घाईचा. 'दहा मिनिटांत बसवा' असा व्हिडिओ पाहून बोनट उघडणाऱ्यांनी निदान पुढचे वाचून घ्यावे.

दोष बल्बचाच आहे, असे धरून चालणे

लाईट मंद वाटली की लोक आधी बल्ब बदलतात. मी आधी मीटर लावतो. इंजिन चालू, लाईट चालू, आणि बल्बच्या कपलरवर (मागच्या प्लगवर) व्होल्टेज किती मिळते ते पाहायचे. मग तेच बॅटरीच्या टर्मिनलवर पाहायचे. दोन्हींत एखाद्या व्होल्टचा फरक आला तर वायरिंग, स्विच किंवा अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) खराब आहे. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाले तर उजेड जवळपास तीस टक्के कमी पडतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. तिथे रिले (बॅटरीचा करंट थेट बल्बला सोडणारा छोटा स्विच) टाकला, बॅटरीपासून जाड वायर ओढली आणि बॉडीला गंजलेली अर्थ घासून घट्ट केली, तर साधा ६०/५५ वॅटचा एच४ (दोन तारांचा हॅलोजन) बल्बही असा उजेड फेकतो की गिऱ्हाईक एलईडीचा विषय सोडून देते.

आणि काच पिवळी पडली असेल तर कोणताही बल्ब टाका, उजेड काचेतच विखुरणार. आधी पाणी लावून हजार, मग दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने काच घासा, पॉलिश करा, वरून यूव्ही कोट मारा. कोट मारला नाही तर आमच्या उन्हात ती लवकरच पुन्हा पिवळी होते.

डब्यावरचे वॅट वाचून बल्ब घेणे

'२०० वॅट, २०,००० लुमेन' असे छापलेला डबा दिसला की मी तो बाजूला ठेवतो. लुमेन म्हणजे उजेडाचे माप, पण वॅटचा हिशोब साधा आहे. एक बल्ब खरोखर २०० वॅटचा असेल तर साडेतेरा व्होल्टवर तो सुमारे १५ अँपिअर ओढेल. हेडलाईटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत एका बाजूला १० किंवा १५ अँपिअरचा असतो, तो टिकणारच नाही. असे बल्ब मी क्लॅम्प मीटरवर तपासतो तेव्हा दोन-तीन अँपिअर दाखवतात, म्हणजे पंचवीस ते चाळीस वॅट. तेवढे पुरेसेही असतात. मानकानुसार एच४ हॅलोजन डिप्परला (खाली पडणाऱ्या जवळच्या उजेडाला) सुमारे १,००० आणि अप्परला (लांबच्या उजेडाला) सुमारे १,६५० लुमेन देतो, आणि चांगल्या फोकसला तेवढ्यावर गाडी नीट चालते.

रंगाचेही तसेच. साडेसहा हजार केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचे माप) निळसर पांढरा उजेड दुकानात छान दिसतो. पावसात भिजलेल्या काळ्या डांबरावर मात्र तो कुठे गेला ते कळत नाही, चिखलदऱ्याच्या धुक्यात तो उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो, आणि समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात जास्त तोच टोचतो. मी साडेचार हजाराच्या आसपासचा बल्ब मागवून देतो. पोरांना तो आवडत नाही. रात्री गाडी चालवणाऱ्यांना आवडतो.

चिपचे तोंड कुठे आहे ते न पाहणे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हॅलोजन बल्बात एक बारीक तार असते. हेडलाईटच्या आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग त्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीची चिप नेमकी त्याच जागी आली तर उजेड रस्त्यावर जिथे पडायला हवा तिथे पडतो. दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे झाली तरी सगळे विस्कटते.

एच४ मध्ये आणखी एक गोष्ट आहे. त्यात दोन तारा असतात आणि डिप्परच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. तिच्यामुळे डिप्परचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर जातो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. चांगल्या एलईडी बल्बातही पुढच्या चिपखाली अशीच वाटी असते. ती खालीच यायला हवी आणि चिपची तोंडे डावी-उजवीकडे, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या रेषेत हवीत. वाटी वर गेली की उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर आपटून वर झाडांत जातो.

बल्ब हेडलाईटमध्ये बसवणाऱ्या चकतीला, म्हणजे कॉलरला, तीन कान असतात, रुंद कान वर, त्यामुळे कॉलर उलटी बसत नाही. पण एलईडीत कॉलर सुटी असते आणि बल्बचे धड नंतर तिच्यात फिरवून अडकवायचे असते. घोळ होतो तो इथे.

मागे एक काका बोलेरो घेऊन आले होते. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री-बेरात्री पेशंट पोचवणारे, म्हणजे अंधारात गाडी चालवणे ज्यांचे रोजचे. पुतण्याने मोबाईलच्या टॉर्चमध्ये नवे बल्ब बसवून दिले होते. त्या रात्री नेरच्या बाजूने येताना रस्त्याकडेला उभी असलेली कापसाची बंडी त्यांना शेवटच्या क्षणी दिसली. गाडी साईडपट्टीवरून खाली काळ्या मातीत उतरली. कुणाला लागले नाही, पण गाडीत बाळंतपणाला निघालेली बाई होती.

"भाऊ, लाईट त लय आहे, पन निंबाचे शेंडे दिसते अन् रस्ता नाई दिसत."

"काका, बल्ब काढून पाहतो."

"कायले काढता जी, नवीनच त हाये बलफ. वरतून एखादी पट्टी लावून द्या लाईटीची."

लाईटबार लावायला मी नकार दिला आणि बोनट उघडले. डाव्या बाजूचे धड कॉलरच्या चुकीच्या खाचेत दाबून बसवले होते. चिपची तोंडे वर-खाली. उजव्या बाजूला त्याहून वाईट. कॉलर दाबून धरणारी स्प्रिंगची तार तिच्या आकड्यात अडकलीच नव्हती, बल्ब नुसत्या रबरी बुटाच्या (हेडलाईटमागच्या रबरी झाकणाच्या) आधाराने लोंबत होता आणि खड्ड्यागणिक हलत होता. पुतण्याने वाकून पाहिले तर म्हणाला, तार लागली असे वाटले होते. हाताला जागा नसते आणि आत दिसत नाही, म्हणून 'वाटले' यावर काम सोडून देतात. मी दोन्ही कॉलर बाहेर काढून पुन्हा बसवल्या, धड सरळ केले, मग फोकस लावला. बल्ब तेच ठेवले. दुसऱ्या दिवशी काकांनी फोन करून सांगितले की रस्त्याकडेचे मैलाचे दगडसुद्धा वाचता येतात.

माझी सवय सांगतो. बल्ब हातात असतानाच मागच्या हीटसिंकवर वरच्या बाजूला मार्करने रेघ मारतो. आत गेल्यावर चिप दिसत नाही, पण रेघ दिसते. आधी नुसती कॉलर बसवतो, स्प्रिंग आकड्यात अडकल्याची टिक ऐकतो, बोटाने कॉलर हलवून पाहतो, मग बूट, मग धड. शेवटी लाईट बंद ठेवून समोरून काचेतून वाकून पाहतो. एच७ ला (एका तारेच्या बल्बला) वेगळा ॲडॉप्टर लागला तरी तीन आणि नऊची रेषा सुटत नाही.

फोकस न लावणे

बल्ब बसवला, पेटला, पैसे दिले, निघाले. फोकस न लावता गाडी बाहेर काढणे म्हणजे काम अर्धेच करणे, आणि अर्ध्याचा त्रास समोरच्याला होतो. अरुंद रस्त्यावर समोरून मोटारसायकलवर नवरा-बायको आणि पोर येत असते, आणि तुमच्या उजेडात त्याला साईडपट्टीची कडही दिसत नाही. हे डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे मी फोकसशिवाय गाडी सोडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

सपाट जागा आणि एक भिंत एवढेच लागते. आम्ही बाजार समितीच्या काँक्रीटच्या आवाराशेजारच्या भिंतीवर करतो, तुम्ही शाळेच्या भिंतीवर करा. टायरमध्ये हवा बरोबर, सीटवर चालकाएवढे वजन, आणि लाईट खाली-वर करणारे बटण असेल तर ते शून्यावर. गाडी भिंतीला अगदी टेकवून दोन्ही हेडलाईटच्या मध्यावर खडूने फुल्या मारा. मग सरळ मागे पाच मीटर घ्या. डिप्पर लावा. एका बाजूवर दुपट्टा टाकून एकेक बाजू पाहा. उजेडाची वरची कड फुलीच्या पाच ते साडेसहा सेंटिमीटर खाली यायला हवी. आपण डावीकडून चालतो, म्हणून ती कड डाव्या बाजूला थोडी वर चढते, तसे दिसले तर बरोबर आहे. हेडलाईटच्या मागचा किंवा वरचा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरवत जा आणि दर वेळी भिंत पाहा.

आता महत्त्वाचे. भिंतीवर कड दिसलीच नाही, नुसता पसरट धब्बा दिसला, तर तो बल्ब त्या हेडलाईटचा नाही. परत करा. बरेच जण अशा वेळी हेडलाईट खाली दाबून टाकतात आणि 'आता समोरच्याला लागत नाही' म्हणतात. मग सगळा उजेड बोनटपुढच्या चार पावलांवर साचतो, जवळचे इतके उजळते की डोळ्याची बाहुली आकसते आणि पन्नास मीटरवरचा रोही दिसत नाही.

सोयाबीनचे कट्टे मागे भरले की गाडीचे ढुंगण बसते आणि लाईट वर जाते. ते बटण त्यासाठीच दिलेले आहे, वापरा.

रबरी बूट कापणे किंवा फेकून देणे

एलईडीचा मागचा पंखा बुटात मावत नाही म्हणून लोक ब्लेडने बूट कापतात, काही तर काढूनच टाकतात. हॅलोजनची बरीच उष्णता उजेडाबरोबर पुढे जाते आणि काच कोरडी ठेवते. एलईडीची उष्णता मागे जाते, म्हणून आत शिरलेली ओल तशीच राहते. पावसाळ्यात पाणी, उन्हाळ्यात धूळ, आणि जिनिंगसमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कापसाचे तंतू. ते पंख्यात अडकून पंखा थांबतो, चिप तापते, दहा मिनिटांनी लाईट मंद होते आणि मग बल्ब बाद. आत धूळ बसली म्हणून कपड्याने रिफ्लेक्टर पुसू नका, त्यावरचा चांदीसारखा थर निघून येतो आणि मग पूर्ण हेडलाईटच बदलावी लागते. घेण्याआधी मागची जागा मोजा आणि आखूड बल्ब घ्या, किंवा खोल बूट मागवा.

थोडक्यात बाकीच्या

चिपला बोट लावू नका. एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला हॅलोजन ठेवू नका. मूळ वायर सोलून पीळ मारू नका, कपलरच वापरा. गाडीच्या छतावर लाईटबार लावून रस्त्यावर चालवू नका. ९०/१०० वॅटचा हॅलोजन मूळ वायरिंगवर टाकू नका, होल्डर वितळतो.

बसवल्यावर कुरकुर सुरू झाली तर

एक बाजू पेटत नसेल तर दोन पिनांचा कपलर आधी उलटा करून लावा. हॅलोजनला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कसेही चालते, एलईडीला चालत नाही. लुकलुकत असेल तर अर्थ तपासा, आणि तो ठीक निघाला तरच डीकोडरचा (गाडीची वायर आणि बल्ब यांच्यामध्ये लावायच्या डबीचा) विचार करा, कारण काही नव्या गाड्या करंट तुटक-तुटक सोडतात किंवा कमी करंट पाहून बल्ब गेल्याचा इशारा देतात. त्यावर दुकानदार सहा ओहमचा रेझिस्टर देतात. तो साडेतेरा व्होल्टवर तीस वॅट उष्णता काढतो, म्हणजे हाताला चटका बसतो. प्लॅस्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला बांधलेला रेझिस्टर मी दिसेल तिथे काढतो, तो पत्र्यावरच कसायला हवा.

आकाशवाणी लावल्यावर लाईटबरोबर खरखर सुरू होत असेल तर दोष बल्बच्या ड्रायव्हरचा (चिपला करंट पुरवणाऱ्या सर्किटचा) आहे, रेडिओचा नाही. अप्पर-डिप्पर दोन्ही अंधुक पेटत असतील तर तुमच्या गाडीत स्विच निगेटिव्हवर चालतो, तिला वेगळे हार्नेस (तयार वायरिंगचा संच) लागते.

आणखी एक स्पष्ट सांगतो. कंपनीने हेडलाईट ज्या बल्बसह मंजूर करून घेतलेली असते, त्यात दुसऱ्या जातीचा बल्ब टाकला की फिटनेसच्या वेळी अडचण येऊ शकते. जर्मनीत २०२० साली काही एलईडी बल्बना रस्त्यावर परवानगी मिळाली तीही ठराविक मॉडेलच्या हेडलाईटपुरती, तपासून. टॅक्सी परवान्याची गाडी असेल तर मी रिले आणि चांगला हॅलोजनच सुचवतो.

काढलेले जुने हॅलोजन फेकू नका. खोक्यात घालून गाडीतच ठेवा. रात्री आर्णी-माहूरच्या वाटेवर एलईडी गेला तर तोच बल्ब कॉलरसकट पाच मिनिटांत बसतो.