इतिहास शिकवताय? पांडवलेण्यातल्या व्याजाच्या गणितापासून सुरू करा

नाशिकमधे सहावी ते आठवीला इतिहास शिकवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, धडा वाचायच्या आधी मुलांच्या हातात एक पुरावा द्या, त्यावरून त्यांचं त्यांना काहीतरी शोधू द्या, मग पुस्तक उघडा. नाहीतर सातवाहन राजे म्हटलं की मुलं नावांनाच घाबरतात, गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात.

मी पांडवलेण्यातलं, म्हणजे नाशिकच्या बौद्ध लेण्यांतलं, १० नंबरचं लेणं घेते. तिथे शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, एकीकडे २०००, महिना शेकडा १ दराने आणि दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, नुसतं व्याज वापरायचं. त्या २००० च्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. एवढं फळ्यावर लिहा आणि विचारा, पैसे पुरतील का रे? महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० गुणिले १२ पण २४०च! तेव्हा वर्गात जो गलका होतो तो खुशाल होऊ द्या. मग विचारा, एवढ्या मोठ्या माणसाने पैसे विणकरांकडे का ठेवले, त्यांचा धंदा कसा चालत असेल? कितीतरी मुलांच्या आया बचत गटात असतात त्यामुळे श्रेणी म्हणजे काय ते पटकन कळतं, व्याख्या लिहून द्यावी लागत नाही.

गणित झाल्यावरच लेणी बघायला न्या, आधी नाही. लेखाला हात, खडू, पाणी काहीही लावू द्यायचं नाही, लांबून बघून चार-पाच अक्षरं वहीत काढायची, बास.

पुढच्या तासाला नाणी. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा परत मारलेला होता. मुलांना कणकेचा गोळा द्या, एक बटण दाबायला सांगा, त्यावरच अर्धवट दुसरं, मग शेजाऱ्याने ओळखायचं आधी कुठलं दाबलं. कोण जिंकलं हे न सांगता कळतं त्यांना.

आठवीला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठीचा काळाराम मंदिर सत्याग्रह, डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड. इथे टाइमलाइन काढाच. २ मार्च १९३० ला नाशिक, १२ मार्च १९३० ला दांडी यात्रा, दहाच दिवसांचं अंतर! दोन्हीकडे लोक कोणाकडे काय मागत होते ते दोन रकान्यांत मुलांनाच लिहू द्या, फार खोल बोलतात मुलं. फक्त एक अगदी मनापासून सांगते, कुठल्याही मुलाला आडनावावरून उभं करून 'तू सांग' म्हणायचं नाही, कधीच नाही.

आणि चाचणीत एक तरी प्रश्न पुराव्याचा ठेवा. मुलाचं मत आपल्यापेक्षा वेगळं निघालं तरी चालेल, पण ते लेखातल्या किंवा नाण्यावरच्या कशावरून म्हणतोय ते लिहिलं असेल तर मार्क पूर्ण द्या.